कोकण किनारा आणि आधुनिक शिल्पातील श्रमिक मानवी देह : मिरकरवाडा ते सासवणे

प्रस्तावना

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस, रत्नदुर्गाच्या आश्रयाने वसलेले मिरकरवाडा हे कोकण किनाऱ्यावरील एक महत्त्वाचे मासेमारी बंदर आहे. नौका धक्क्याला लागल्या की तेथे मानवी देहाच्या हालचालींचे एक विशाल दृश्य उभे राहते. दोर खेचणारे खलाशी पाठीचा सर्व भार मागे टाकून उभे असतात. बर्फ आणि मासळी वाहणाऱ्या मजुरांचे गुडघे किंचित वाकलेले असतात. डोक्यावर पाटी घेतलेल्या स्त्रीची मान ताठ, एक हात पाटीला, दुसरा मोकळा आणि पावले ओल्या फरशीवर जपून टाकलेली असतात. भार, तोल आणि स्नायूंचा ताण हे मानवी देहावर आधारित शिल्पाचे मूलभूत विषय मानले जातात. या धक्क्यावर ते रोज, कोणत्याही प्रदर्शनाविना, पाहावयास मिळतात.

मानवी देहापासून प्रेरणा घेतलेल्या शिल्पांचे प्रदर्शन पाहताना प्रेक्षकाचे लक्ष साधारणपणे रचना, माध्यम आणि शैली यांकडे वेधले जाते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे आणखी एक प्रश्न असतो. शिल्पासाठी निवडलेला हा देह कोणाचा आहे, आणि तो कोठे मांडला आहे? आधुनिक मराठी शिल्पकलेने श्रमणारा देह केव्हा पाहिला, कसा पाहिला आणि पाहून कोठे ठेवला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी सासवणे (जि. रायगड) येथील शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या शिल्पसंग्रहालयाचा विशेष विचार केला आहे.

१. सड्यावरील मानवाकृती

रत्नागिरीच्या परिसरात मानवी देहाचे शिल्पांकन आधुनिक काळात सुरू झाले नाही. किनाऱ्यामागील जांभ्याच्या विस्तीर्ण सड्यांवर कातळशिल्पे आढळतात आणि त्यांत हत्ती, वाघ, हरिण, मासे यांच्याबरोबर मानवाकृतीही आहेत. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ अशा एकूण नऊ स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला. बारसू येथे दोन्ही बाजूंना वाघ असलेली मानवाकृती आहे, तर देवाचे गोठणे येथे कातळावर पसरलेली भव्य मानवाकृती आहे.

या आकृतींचे दोन विशेष येथे महत्त्वाचे आहेत. पहिला विशेष माध्यमाचा आहे. जांभा हा सच्छिद्र व खरबरीत दगड आहे. त्यात नाक, ओठ, बोटांची पेरे असे सूक्ष्म घडण टिकत नाही. म्हणून येथील शिल्पकाराने देह उभा केला नाही, तर सपाट कातळावर त्याची बाह्यरेषा खोदली. दुसरा विशेष दर्शनाचा आहे. आकृती मोठ्या असल्यामुळे एका जागी उभे राहून त्या पूर्ण दिसत नाहीत, पाहणाऱ्याला त्यांच्याभोवती फिरावे लागते. चौथरा नाही, छत नाही, नावही नाही. त्यांच्या कालनिश्चितीविषयी अभ्यासकांत एकमत नसले, तरी या भूमीवर अनाम माणसाचा देह उघड्यावर मांडण्याची परंपरा अतिप्राचीन आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. त्यानंतरच्या दीर्घ कालखंडात मूर्तिकलेचा मुख्य आश्रय देवालय हा राहिला आणि मूर्तीचा विषय प्राधान्याने देवता हा झाला. सामान्य माणसाचा देह पुन्हा स्वतंत्र विषय झाला तो वसाहतकाळात, आणि तोही वेगळ्याच हेतूने.

२. नमुना आणि आदर्श

१८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. १८७२ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची, इमारत लोकांसाठी खुली झाली. या दोन संस्थांनी मानवी देहाकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी रुजवल्या.

संग्रहालयात विविध जाती, पंथ व व्यवसाय यांतील माणसांच्या लहान मृण्मय प्रतिकृती मांडण्यात आल्या. पोशाख, पागोटे, दागिने आणि हातातील अवजार यांचे तपशील त्यांत काटेकोरपणे दाखवलेले असत. मात्र तेथे माणूस हा व्यक्ती म्हणून उपस्थित नव्हता, तो एका समूहाचा ‘नमुना’ होता. जनगणना आणि गॅझेटियर यांमागे वर्गीकरणाची जी वृत्ती होती, तिचेच हे त्रिमितीतील रूप म्हणता येईल. श्रमिक या दालनात आला खरा, परंतु त्याच्या श्रमाचा भार त्याच्या देहावर कसा पडतो हे दाखवण्याची अपेक्षा तेथे नव्हती.

कलाशाळेत विद्यार्थ्यांसमोर ग्रीक-रोमन शिल्पांचे प्लास्टरचे ठसे होते. त्यांच्या आधारे देहाची प्रमाणे, सांध्यांची रचना आणि वस्त्राच्या चुण्यांमागील अवयवांची जाण शिकवली जाई. या शिक्षणाचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे १८९६ च्या सुमारास घडवलेले शिल्प होय. पूजेचे साहित्य हाती घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारी साडीतील तरुणी हा त्याचा विषय. एका पावलावर टेकलेला देहाचा भार आणि साडीच्या चुण्यांतून जाणवणारी गती यांत पाश्चात्त्य शिक्षण स्पष्ट दिसते. परंतु स्त्री, वस्त्र आणि प्रसंग पूर्णतः मराठी आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात या शिल्पाचा गौरव झाला. जॉर्ज बर्डवुड यांनी त्याची प्रशंसा केली आणि १८९८ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यावर बंगालीत लेख लिहिला. एका मराठी तरुणाच्या प्लास्टरच्या शिल्पाची दखल लंडन व कलकत्ता येथे घेतली जाणे, ही त्या काळातील असाधारण घटना होती.

‘नमुना’ म्हणून पाहिलेला देह येथे ‘आदर्श’ झाला, हे या शिल्पाचे ऐतिहासिक महत्त्व होय. मात्र हा आदर्श विशिष्ट वर्गाचा होता. या तरुणीच्या हातात पूजासाहित्य आहे. डोक्यावर ओझे नाही. तिच्या चालण्यात डौल आहे आणि थकवा नाही. सुशिक्षित मराठी समाजाला स्वतःच्या संस्कृतीची जी प्रतिमा हवी होती, ती त्याला या शिल्पात मिळाली. आपल्या संस्कृतीचा अभिमान व्यक्त करण्याची निकड पाहता ही निवड स्वाभाविक होती. तथापि, किनाऱ्यावरची मासे विकणारी स्त्री या आदर्शाच्या बाहेर राहिली, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

३. चौथऱ्याचे अर्थकारण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील शिल्पकारांना काम मिळाले ते मुख्यतः स्मारक-पुतळ्यांचे. म्हात्रे यांनी न्यायमूर्ती रानडे यांचा मुंबईतील पुतळा घडवला. वसई येथे जन्मलेल्या रघुनाथ कृष्ण फडके यांनी गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा केला. रत्नागिरीत जन्मलेल्या या नेत्याचा पुतळा जेथे उभा आहे, त्याच वाळूवर १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले होते. करमरकर यांनी घडवलेला पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. भव्यता आणि अश्वाच्या शरीररचनेचा अभ्यास या दृष्टीने तो आजही प्रमाणभूत मानला जातो.

या पुतळ्यांमागील अर्थकारण समजून घेणे अगत्याचे आहे. ब्राँझ आणि संगमरवर ही खर्चिक माध्यमे आहेत. मातीत घडवलेली आकृती आधी प्लास्टरमध्ये, मग साच्यातून धातूत ओतावी लागते. त्यासाठी भट्टी, कुशल ओतारी आणि मोठे भांडवल लागते. हा खर्च संस्थानिक, नगरपालिका किंवा लोकवर्गणी जमवणाऱ्या समित्या करीत, आणि त्यांना स्मरण करावयाचे असे ते नामवंत पुरुषांचे. अनाम हमालासाठी किंवा कोळिणीसाठी वर्गणी जमण्याचा प्रश्नच नव्हता. परिणामी महाराष्ट्रातील शिल्पकलेत एक विभागणी रूढ झाली. नाव असलेला देह धातूत किंवा पाषाणात घडून चौकात उभा राहिला. नाव नसलेला देह प्लास्टरमध्ये घडून वार्षिक प्रदर्शनात आला, क्वचित पदक मिळवून गेला आणि पुन्हा शिल्पकाराच्या कार्यशाळेत परतला. फडके यांचे ‘प्रवचन’ हे श्रोत्यांचे समूहशिल्प सामान्य माणसांच्या चेहऱ्यावरील भावांचे उत्कृष्ट उदाहरण आहे, परंतु सर्वसामान्य महाराष्ट्रीय माणसाला फडके ठाऊक आहेत ते प्रामुख्याने चौपाटीवरील टिळकांच्या पुतळ्यामुळे.

४. सासवणे : घरातील प्रदर्शन

या विभागणीचा दुसरा, फारसा न दिसणारा भाग पाहावयाचा असेल तर सासवणे येथे जावे लागते. मांडवा आणि किहीम यांच्या दरम्यान समुद्रालगत असलेले हे गाव करमरकर यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८९१ चा. घरात गणेशमूर्ती घडवल्या जात, त्यामुळे मातीशी हाताची ओळख लहानपणीच झाली. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या पाहण्यात आले आणि त्याच्या साहाय्याने हा तरुण मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाला. पुढे त्यांनी कलकत्त्यात व्यवसाय केला, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण घेतले आणि उत्तरायुष्यात ते सासवण्याशी पुन्हा जोडले गेले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे राहते घर कुटुंबीयांनी जतन करून शिल्पसंग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले ठेवले. दीडशेच्या आसपास शिल्पे तेथे आहेत.

रॉथफिल्ड यांचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने अर्थपूर्ण ठरतो. भारतीय स्त्रियांविषयी त्यांनी लिहिलेल्या आणि १९२० मध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकासाठी एम. व्ही. धुरंधर यांनी चित्रे काढली होती. निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचे ‘प्रकार’ त्यात दाखवले आहेत. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने करमरकरांना कलेची वाट दाखवली, तो स्वतः नमुन्यांच्या दृष्टीने पाहणारा होता. करमरकर यांनी ही दृष्टी स्वीकारली नाही. त्यांच्या संग्रहालयातून फिरताना सर्वप्रथम जाणवते ती व्यक्तीची ओळख. येथे ‘नंदीवाला’, ‘कोळीण’, ‘हमाल’ अशी व्यवसायांची मालिका मांडल्याचा भास होत नाही. परिचयातील माणसे घरात आलेली असावीत, असे वाटते. माणसांच्या या मेळ्यात म्हैसही आहे. कोकणातील घराच्या अंगणात तिचे जे स्थान, तेच तिला येथे मिळाले आहे.

‘मत्स्यगंधा’ हे कोळी युवतीचे शिल्प या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्याच्या शेजारी मनातल्या मनात ‘मंदिरपथगामिनी’ उभी करून पाहिली, की चार दशकांच्या आतबाहेर घडलेला फरक ध्यानात येतो. म्हात्रे यांच्या शिल्पात वस्त्र देहाला झाकून त्याला सौंदर्य देते, तर करमरकर यांच्या शिल्पात घट्ट कासोट्याचे वस्त्र हे कामाचे वस्त्र आहे आणि देह त्याच्या आतून बोलतो. पहिलीचा देह संस्काराने घडलेला आहे, दुसरीचा वापराने. त्याच संग्रहातील ‘शंखध्वनी’ या शिल्पात शंख फुंकणाऱ्या स्त्रीच्या श्वासाचा ताण शिल्पाचा विषय बनतो. आदर्श सौंदर्याची जागा प्रत्यक्ष क्रियेने घेतल्याचे यातूनही दिसून येते.

माध्यमाचा विचारही महत्त्वाचा आहे. सासवण्याच्या संग्रहातील अनेक शिल्पे प्लास्टर व सिमेंट या साध्या माध्यमांत आहेत. ज्या शिल्पासाठी वर्गणी जमत नाही, ते शिल्पकाराने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या आनंदासाठी करावयाचे असते. तेव्हा सिमेंट हाच धातू आणि सिमेंट हाच पाषाण ठरतो. पुण्याच्या अश्वारूढ पुतळ्याचे ब्राँझ आणि सासवण्याच्या कोळिणीचे साधे माध्यम यांतील अंतर हे एकाच शिल्पकाराच्या दोन कौशल्यांमधील अंतर नाही. समाजाने कोणाला किती किंमत दिली, याचे ते मोजमाप आहे.

५. उघड्यावर आलेला श्रमिक देह

श्रमिकाचा देह सार्वजनिक जागी उभा राहणे अशक्य नव्हते, हे इतरत्र घडलेल्या घटनांवरून स्पष्ट होते. बेल्जियमचे शिल्पकार कॉन्स्टन्टिन म्युनिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोदी-कामगाराचे शिल्प घडवले. अँटवर्प या बंदराच्या शहराने तो अनाम हमाल आपल्या रस्त्यावर उभा केला. भारतात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात बिऱ्हाड घेऊन निघालेल्या संथाळ कुटुंबाचे शिल्प उघड्यावर उभारले. त्यासाठी त्यांनी सिमेंटमध्ये तेथील जांभ्याचे खडे मिसळले. जांभ्याच्या याच स्वभावामुळे कोकणातील प्राचीन शिल्पकाराला केवळ रेषेवर समाधान मानावे लागले होते. त्या दगडाचा खरबरीतपणा रामकिंकर यांनी श्रमिकाच्या त्वचेचा गुण बनवला. देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे प्रचंड शिळा हलवणाऱ्या चार पुरुषांचे शिल्प १९५९ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर उभे राहिले आणि पुढे ते कामगारांच्या मेळाव्यांचे ठिकाण झाले.

समकालीन शिल्पकलेत देहाचा अर्थ आणखी बदलला. मुंबईत आदी दावियरवाला व पिलू पोचखानवाला यांनी धातूच्या अमूर्त रचनांमधून देहाचे केवळ सूचन केले. इंग्लंडमधील क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर २००५ पासून अँटनी गॉर्मली यांच्या शंभर ओतीव लोखंडी मानवाकृती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. भरतीला त्यांतील अनेक पाण्यात जातात आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागतात. चौथरा तेथेही नाही. प्रेक्षक त्यांच्यामधून चालतो. रत्नागिरीच्या सड्यावरील अनाम आकृतींभोवती फिरण्याचा अनुभव आणि हा अत्याधुनिक अनुभव यांतील साम्य विचार करावयास लावणारे आहे.

६. मिरकरवाड्याच्या संदर्भात काही प्रश्न

वरील विवेचनावरून मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एखादा कोळिणीचा पुतळा उभारावा, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्यात किमान तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण प्रतिमेची आहे. ‘कोळीण’ म्हणून मराठी मनात रुजलेली प्रतिमा मुंबई, ठाणे व रायगड किनाऱ्यावरील कोळी समाजाची आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत दालदी मुस्लिम, खारवी, भंडारी, गाबीत असे विविध समाज आहेत आणि मिरकरवाड्यात मुस्लिम मच्छीमारांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्या स्त्रियांचा पोशाख, वावर आणि कामाची विभागणी वेगळी आहे. रूढ प्रतिमा येथे आणून बसवली, तर माणूस पुन्हा ‘नमुना’ बनेल आणि तोही दुसऱ्याच गावाचा.

दुसरी अडचण दृष्टीची आहे. श्रमिक स्त्रीच्या देहाचे शिल्पांकन करताना श्रमाऐवजी देहाच्या आकर्षकतेवरच नजर स्थिरावण्याचा धोका असतो. मासे विकणारी स्त्री हा चित्र, चित्रपट आणि पर्यटन यांचा आवडता विषय आहे. परंतु बर्फाने सुरकुतलेली बोटे आणि वर्षानुवर्षे ओझे वाहून दुखावलेली मान त्यांत क्वचितच दिसते. करमरकर यांच्या शिल्पांवरही हा आक्षेप काही अंशी घेता येईल, कारण त्यांचे मन सौंदर्यवादी होते. तथापि, त्यांची माणसे प्रेक्षकाला रिझवण्यासाठी उभी राहत नाहीत, ती स्वतःच्या कामात असतात, हे त्यांचे वेगळेपण मान्य करावे लागते.

तिसरी अडचण टिकाऊपणाची आहे. प्लास्टर दमट हवेत भुसभुशीत होते. सिमेंटच्या शिल्पाला आतून लोखंडी सांगाड्याचा आधार असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्षार सिमेंटमधून झिरपून त्या लोखंडापर्यंत पोहोचतात, लोखंड गंजून फुगते आणि बाहेरच्या थराला तडे जातात. म्हणजे ज्या माध्यमात अनाम माणसाचा देह घडवला गेला, ते माध्यमच किनाऱ्यावर सर्वांत आधी नष्ट होणारे आहे. खासगी घरांत, शाळांत आणि कलाशिक्षकांच्या कार्यशाळांत पडून असलेल्या अशा शिल्पांची नोंद व छायाचित्रण न झाल्यास या इतिहासाचा एक भाग पुराव्याविनाच संपेल.

या संदर्भात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. धक्क्यावरील श्रमाचे स्वरूप बदलत आहे. यांत्रिक नौका, जाळे ओढणारी यंत्रे आणि प्लास्टिकचे क्रेट यांमुळे जुन्या हालचाली मागे पडत आहेत. बांबूची पाटी डोक्यावर तोलण्याची पद्धत ज्या पिढीच्या मानेला ठाऊक आहे, त्या पिढीनंतर ती केवळ छायाचित्रात उरेल. लिखित कागदपत्रांत मासळीचे वजन, नौकांची संख्या आणि बंदराचा खर्च यांची नोंद होते. ते वजन कोणी कसे उचलले, हे सांगणारा दस्तऐवज म्हणजे त्या माणसाचा देह आणि त्या देहाचे शिल्प.

समारोप

कोकण किनाऱ्यावरील मानवी देहाच्या शिल्पांकनाचा इतिहास पाहता चार अवस्था स्पष्ट होतात. सड्यावरील अनाम आकृती, वसाहतकालीन संग्रहालयातील नमुना, ‘मंदिरपथगामिनी’तील आदर्श आणि सासवण्यातील ओळखीचा माणूस या त्या अवस्था होत. यांपैकी शेवटची अवस्था कलादृष्ट्या समृद्ध असूनही घराच्या भिंतींबाहेर पडू शकली नाही, कारण सार्वजनिक जागेवर कोणाचा देह उभा राहावा हे ठरवणारी सत्ता व संपत्ती वेगळ्या हातांत होती. शांतिनिकेतन आणि चेन्नई येथील उदाहरणे हा परिणाम अटळ नव्हता, हे दाखवतात.

या दिशेने महाविद्यालयांना प्रत्यक्ष काम करता येण्यासारखे आहे. इतिहास, समाजशास्त्र व कला या विषयांच्या विद्यार्थ्यांनी सासवण्याचा संग्रह पाहावा, त्यानंतर मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एक सकाळ घालवावी आणि तेथील कामाच्या हालचालींची रेखाचित्रे, छायाचित्रे व मुलाखती यांद्वारे नोंद करावी. ही नोंद त्या माणसांच्या संमतीने आणि त्यांच्या नावांसह व्हावयास हवी. शिल्प पुढे केव्हातरी होईल किंवा होणारही नाही. परंतु ज्यांच्या खांद्यांवरून या बंदराचा सारा व्यवहार गेला, त्यांची नावे तरी त्या नोंदीत राहतील.